अ‍ॅसेट, सीआय की दोन्ही? आयटी घटकांची नोंद कुठे करायची हे ठरवण्याची क्रमवार पद्धत

सीएमडीबी (आयटी सेवांचे घटक आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती नोंदवणारा डेटाबेस) उभारायचं ठरलं की बहुतेक संस्थांत सुरुवात एकाच रीतीनं होते. स्टोअरकडून डेडस्टॉकची (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची) एक्सेल मागवायची आणि जशीच्या तशी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. मग सीएमडीबीत मॉनिटर येतात, स्पीकर येतात, प्रोजेक्टर येतात, आता कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नसलेले जुने प्रिंटरही येतात. ऊस काट्याचा पीसी कोणत्या नेटवर्क स्विचवर आहे आणि तो स्विच कोणत्या यूपीएसवर आहे, एवढं मात्र येत नाही. उलटी चूकही तितकीच नेहमीची. आयटी विभाग आपल्या नोंदी व्यवस्थित ठेवतो, पण लेखापरीक्षक समोर बसला की सर्व्हरचं बिल, वॉरंटी आणि सध्याचा ताबा यांपैकी काहीच सापडत नाही.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ‘ही वस्तू अ‍ॅसेट की कॉन्फिगरेशन आयटम?’ असा एकच प्रश्न विचारून ती दोनपैकी एका खान्यात ढकलण्याची घाई. खरं तर प्रश्न दोन आहेत, ते वेगवेगळ्या माणसांना विचारायचे आहेत आणि दोन्हींचं उत्तर ‘हो’ येऊ शकतं. आयटी सेवा व्यवस्थापनाच्या, २०१९ मध्ये आलेल्या आयटीआयएल ४ या मार्गदर्शक चौकटीतल्या व्याख्याही तेच सांगतात. पैशाचं मोल असलेला आणि आयटी सेवा देण्यात हातभार लावणारा घटक म्हणजे अ‍ॅसेट. सेवा देण्यासाठी ज्याचं व्यवस्थापन करावं लागतं तो कोणताही घटक म्हणजे कॉन्फिगरेशन आयटम, थोडक्यात सीआय. एक व्याख्या दुसरीला छेद देत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो; शेतातली पाइपलाइन कोणाच्या बांधाखालून येते आणि ती फुटली तर कोणाकोणाचं पीक वाळेल, ते सातबाऱ्यावर सापडत नाही. दोन्ही माहिती लागते, आणि गट नंबर मात्र एकच असावा लागतो.

पुढच्या टप्प्यांत उदाहरण साखर कारखान्याच्या ऊस काट्याचं घेतलं आहे, कारण बीड, लातूर, धाराशिव, परभणी या पट्ट्यात ते कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. बँकेची शाखा, वाळूजमधली सुट्या भागांची कंपनी किंवा नांदेडचं एखादं हॉस्पिटल असेल, तर काट्याच्या जागी आपली सेवा ठेवून वाचा.

तयारी: कागद आणि माणसं

आधी वेळ ठरवा. गळीत हंगाम सुरू असताना कारखान्यात आणि मार्चअखेरीला बँकेत हे काम काढू नका. ज्यांच्याकडून माहिती हवी ते लोक तेव्हा तुमच्यासमोर पंधरा मिनिटंही बसणार नाहीत. कारखान्यासाठी पावसाळा बरा.

टेबलावर एवढे कागद हवेत:

- डेडस्टॉक रजिस्टर. कार्यालयाप्रमाणे त्याला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणत असतील.
- लेखा विभागाचं फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टर. हे आणि डेडस्टॉक एकच आहे असं गृहीत धरू नका; आकडे बहुधा जुळत नाहीत.
- एएमसी (वार्षिक देखभाल), वॉरंटी, लीज लाइन (भाड्यानं घेतलेली खास इंटरनेट जोडणी), क्लाउड आणि बल्क एसएमएसचे करार.
- नेटवर्कचा नकाशा. हातानं काढलेला चालेल.
- मागच्या वर्षभरातल्या बिघाडांची नोंद. तिकिटं (हेल्पडेस्कच्या तक्रार नोंदी) नसतील तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. ‘काटा बंद’, ‘पावती निघत नाही’ हे मेसेज हाच बऱ्याच ठिकाणचा खरा बिघाड-इतिहास असतो.

माणसं चार पुरतात: स्टोअरकीपर, लेखा विभागातलं कोणी एक, नेटवर्क सांभाळणारा आणि प्रत्यक्ष सेवा वापरणारा, म्हणजे इथे काटा क्लार्क. या चौथ्याला नेहमी वगळलं जातं. पण रात्रपाळीत ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना कोणती वायर हलवली की पावती पुन्हा निघायला लागते, हे त्यालाच ठाऊक असतं. ती वायर नकाशात कुठेच नसते.

> सावधान: सॉफ्टवेअर अजून उघडू नका. टूलमध्ये आधीच असलेले रकाने दिसले की माणसं ते भरायला लागतात, ठरवायचं राहूनच जातं.

टप्पा १: वस्तूंच्या आधी सेवा लिहा

कोऱ्या कागदावर सेवांची नावं लिहा आणि ती वापरणाऱ्याच्या तोंडची असू द्या: ऊस वजन व काटापावती, शेतकऱ्याला वजनाचा एसएमएस, ऊस बिल, पगार, ऊसतोड नोंद. ‘इआरपी मॉड्यूल तीन’ असलं काही नको. मध्यम संस्थेत दहा-पंधरा सेवा निघतात. चाळीस निघाल्या तर तुम्ही सॉफ्टवेअरचे मेनू उतरवून काढताय.

आता प्रत्येक सेवेचा शेवटून मागे माग काढा. काटापावती प्रिंटरवर निघते. प्रिंटर काट्याच्या पीसीला जोडलेला आहे. पीसीला वजन डिजिटल इंडिकेटरकडून सिरीयल केबलनं येतं. इंडिकेटरला ते लोड सेलकडून (काट्याखालच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरकडून) जंक्शन बॉक्समार्फत मिळतं. दुसऱ्या बाजूला पीसी काटाघरातल्या छोट्या स्विचवर, तिथून मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलवरचा सिग्नल फायबरवर नेणारा छोटा डबा), फायबर, मुख्य इमारतीतला दुसरा मीडिया कन्व्हर्टर, कोअर स्विच, सर्व्हर आणि त्यावरचा डेटाबेस. एसएमएससाठी पुढे इंटरनेट, गेटवे पुरवठादार आणि ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या एसएमएस नोंदणी प्रणालीवर नोंदवलेलं हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (ठरलेला मजकूर). टेम्प्लेटमधला एखादा शब्द बदलून नवा मजकूर नोंदवायचा राहिला, तर बाकी सगळं धडधाकट असूनही शेतकऱ्याचा फोन वाजत नाही.

या साखळीतला मीडिया कन्व्हर्टर नीट बघा. किंमत किरकोळ, खरेदी बहुतेक वेळा किरकोळ खर्चातून, त्यामुळे डेडस्टॉकला नोंद नाही. तो गेला की काटा थांबतो किंवा ऑफलाइन वजनं घेऊन रात्री कोणीतरी ती पुन्हा भरत बसतं. पुढे पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

> तपासणी: या साखळ्यांमध्ये डेडस्टॉकला नसलेल्या निदान काही वस्तू निघायलाच हव्यात. एकही निघाली नाही तर तुम्ही सेवेपासून मागे न येता स्टोअरपासून पुढे गेला आहात. हा टप्पा पुन्हा करा.

टप्पा २: एकेक वस्तू न घेता वर्ग पाडा

निर्णय प्रत्येक पीसीसाठी घ्यायचा नाही, वर्गासाठी घ्यायचा. साखळ्या आणि डेडस्टॉक दोन्ही समोर ठेवून वर्ग लिहा: सर्व्हर, कोअर स्विच, शेवटच्या टोकाचा स्विच, ऑफिसचा पीसी, काट्याचा पीसी, मॉनिटर, यूपीएस, लीज लाइन, डेटाबेस, लायसन, वगैरे.

वर्ग मॉडेलवरून पाडू नका, कामावरून पाडा. ऑफिसचा पीसी आणि काट्याचा पीसी एकाच पीओवर (खरेदी आदेशावर), एकाच दिवशी, एकाच किमतीला आलेले असले तरी वर्ग दोन. एक बंद पडला तर एका माणसाचं काम अर्धा दिवस अडतं, दुसरा बंद पडला तर गव्हाणीपर्यंत ऊस पोचणं अडतं.

टप्पा ३: दोन प्रश्न, वेगवेगळ्या बैठकीत

पहिला प्रश्न पैशाचा आणि ताब्याचा. तो लेखा विभाग आणि स्टोअरला विचारा:

1. यावर झालेल्या खर्चाचा हिशेब वेगळा द्यावा लागतो का?
2. हे हरवलं तर कोणाच्या नावावर निघेल, असा ताबेदार हवा का?
3. याला वॉरंटी, लायसन, करार किंवा पुढे कधीतरी निर्लेखन (वस्तू पुस्तकातून रीतसर काढून टाकणं) आहे का?

एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की तो वर्ग अ‍ॅसेट.

दुसरा प्रश्न अवलंबनाचा आणि बदलाचा. तो आयटी आणि वापरणाऱ्या विभागाला विचारा:

1. हे बंद पडलं किंवा चुकीचं बदललं तर टप्पा १ मधली कोणती सेवा अडेल? सेवेचं नाव घ्या. ‘कामावर परिणाम होईल’ हे उत्तर धरू नका.
2. यात बदल करण्याआधी कोणाला विचारावं लागतं का, किंवा लागायला हवं का?
3. बदल झाल्यावर नोंद सुधारणारा माणूस कोण? पदनाम सांगा.

इथे तिन्हींना ठोस उत्तर आलं तरच सीआय. तिसरा प्रश्न सगळेच गाळतात आणि सीएमडीबी तिथेच बुडते. ज्याची नोंद कोणी अद्ययावत ठेवणार नाही, तो घटक सीआय म्हणून न घेतलेला बरा. यादीत नसलेल्या गोष्टीची माणूस चौकशी करतो. यादीत चुकीची असलेली गोष्ट तो खरी मानतो आणि रात्री दोन वाजता चुकीचा स्विच रीस्टार्ट करतो. पण घटक खरोखर महत्त्वाचा असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही म्हणून त्याला सोडून देऊ नका. आधी माणूस नेमा, मग नोंद करा.

दोन प्रश्नांतून चार निकाल निघतात. सर्व्हर, फायरवॉल, कोअर स्विच, काट्याचा पीसी दोन्हीकडे जातात. मॉनिटर, प्रोजेक्टर, कपाटातला सुटा स्विच फक्त अ‍ॅसेट. व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं तयार केलेला आभासी संगणक), फुकट वापरातला डेटाबेस, व्हीएलॅन (नेटवर्कचा आभासी विभाग), डीएलटी टेम्प्लेट फक्त सीआय. टोनर, माउस, पॅच कॉर्ड, आरजे-४५ कनेक्टर कुठेच नाही. ते स्टोअरच्या उपभोग्य वस्तूंच्या साठ्यात राहू द्या. हा चौथा निकाल द्यायला लोक कचरतात. न कचरता द्या.

> सावधान: ‘अमुक रुपयांच्या खालची वस्तू नोंदवायची नाही’ ही मर्यादा फक्त पहिल्या प्रश्नाला लावा. तीच मर्यादा सीआयला लावली की मीडिया कन्व्हर्टर यादीबाहेर जातो.

टप्पा ४: जिथे वाद होतात ते वर्ग

निम्मे वर्ग दहा मिनिटांत ठरतात. खरा वेळ खालच्या वर्गांवर जातो, आणि जाऊ द्यावा.

*कर्मचाऱ्यांचे पीसी आणि लॅपटॉप.* माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅसेट ठेवा, सीआय करू नका. कोणाकडे कोणता लॅपटॉप आहे, वॉरंटी कधी संपते, विंडोज कोणती आहे, हे सगळं अ‍ॅसेट नोंदीत आणि ऑटोमॅटिक स्कॅनमध्ये मावतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. कोणत्या मशीन बदलायच्या याची यादी काढायला तेवढी माहिती पुरेशी असते. त्यासाठी तीनशे पीसींची नाती कोणी काढत बसू नये. अपवाद ठरावीक कामाला बांधलेल्या मशीनचा: काटा, कॅश काउंटर, लॅबचं विश्लेषक यंत्र, उत्पादन लाइनवरचा बारकोड पीसी.

*सुटे भाग.* कपाटातला स्विच अ‍ॅसेट आहे. रॅकमध्ये बसला की त्याला सीआयची भूमिका मिळते. काढला की भूमिका जाते, अ‍ॅसेट राहतो. इथे वर्ग बदलत नाही, स्थिती बदलते. टप्पा ६ मध्ये ते येईल.

*सॉफ्टवेअर.* एकाच नावाखाली इथे तीन गोष्टी दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या न केल्यानं सगळ्यात जास्त घोळ होतो. लायसन हा विकत घेतलेला हक्क आहे: किती वापरकर्ते, कधीपर्यंत, कोणत्या बिलावर. तो अ‍ॅसेट. त्या हक्कावर एखाद्या सर्व्हरवर चालू असलेली प्रत हा सीआय: कोणती आवृत्ती, कोणत्या डेटाबेसवर, शेवटचा पॅच कधी. आणि सेटअपची फाइल या दोन्हींत येत नाही. ती जपून ठेवायची, पण तिची नोंद दस्तऐवजांच्या जागी. टॅलीचं मल्टियूजर लायसन एक अ‍ॅसेट. मुख्य कार्यालयातली आणि त्याच आवारातल्या गोदामावरची चालू प्रत हे दोन सीआय. एका अ‍ॅसेटला दोन सीआय जोडलेले असणं ही चूक नाही.

*भाड्याचं आणि दुसऱ्याचं.* लीज लाइनच्या पुरवठादारानं बसवलेला राउटर तुमच्या पुस्तकात नाही, म्हणून तो नोंदवायचाच नाही असं होतं. मग बिघाडाच्या दिवशी त्याचा सर्किट आयडी शोधायला निम्मी दुपार जाते. सीआय करा, मालक ‘पुरवठादार’ लिहा, करार क्रमांक जोडा. क्लाउडवरचा सर्व्हर, बल्क एसएमएस सेवा, ई-मेल सेवा यांनाही हाच न्याय. मात्र पुरवठादाराच्या पोटातले घटक तुम्ही नोंदवू नका. तुमच्या हातात जेवढं आहे तिथे थांबा.

*पुस्तकी किंमत संपलेलं.* कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ प्रमाणे डेस्कटॉप-लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं आणि सर्व्हर व नेटवर्कचं ६ वर्षं धरलं जातं. सातव्या वर्षी सर्व्हरची किंमत पुस्तकात नाममात्र उरते, आणि लेखा विभाग यादी ‘साफ’ करताना त्याला उडवतो. सर्व्हर मात्र काटा चालवतोच आहे. किंमत संपली म्हणून ताबा संपत नाही, आणि सीआयचा तर किमतीशी संबंधच नाही. उलट असे घटक सीआय यादीत ठळक दिसायला हवेत, कारण ते वॉरंटीबाहेर असतात.

*यूपीएस आणि बॅटरी.* आपल्याकडे हा वर्ग बाजूला सारून चालत नाही. सर्व्हर रूमचा यूपीएस दोन्हीकडे. बॅटरी बँकेला वेगळा सीआय करा, त्यात बसवल्याची तारीख ठेवा. यूपीएसच्या नोंदीत बॅटरी हा एक रकाना करून भागवू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि एसी नसलेल्या काटाघरात एप्रिल-मे कसा जातो ते वेगळं सांगायला नको. यूपीएस तोच राहतो, बॅटऱ्या मधूनच बदलतात. तारखा एकत्र ठेवल्या की बॅटरी बदलली कधी हेच कळेनासं होतं.

*मुदत असलेल्या अदृश्य गोष्टी.* डोमेन (वेबसाइटचा पत्ता), एसएसएल प्रमाणपत्र (वेबसाइटची जोडणी सुरक्षित असल्याचा डिजिटल दाखला), डीएलटी नोंदणी. पैसे थोडे, हिशेब किरकोळ, पण मुदत संपली की सेवा अडते. सीआय करा आणि नूतनीकरणाचा रकाना सक्तीचा ठेवा. यांचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो तेही लिहा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नंबरवर जात असेल तर ते आजच कळलेलं बरं.

> तपासणी: प्रत्येक वर्गासमोर निकाल, कारण एका वाक्यात, आणि निर्णय घेणाऱ्याचं पदनाम लिहिलेलं हवं. कारण लिहिता येत नसेल तर निर्णय झालेला नाही.

टप्पा ५: किती खोल जायचं

नियम छोटा आहे. जो भाग स्वतंत्रपणे बदलला जातो आणि ज्याच्या बदलानं सेवेवर परिणाम होतो, तिथपर्यंत जा. सर्व्हरमधली रॅम वेगळा सीआय नको, रकाना पुरे. काट्याच्या लोड सेलपर्यंत आयटीनं जायचं का? माझ्या मते नाही. इंडिकेटरला सीमा माना, पलीकडचं मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंट विभागाचं. काट्याच्या वैधमापन पडताळणीची पुढची तारीख मात्र इंडिकेटरच्या नोंदीत असू द्या, कारण त्या दिवशी काटा बंद राहतो आणि फोन आयटीलाच येतो.

टप्पा ६: भूमिका वेगळी, खोकं वेगळं

सर्व टप्प्यांत हा सर्वांत जास्त चुकतो.

समजा काट्याचा पीसी जळला आणि क्लार्कनं फोन केला, “साहेब, काटा बंद पडलाय.” तुम्ही स्टोअरमधला सुटा पीसी आणून बसवला. आता काय बदललं? खोकं, म्हणजे प्रत्यक्ष मशीन, बदललं: सीरिअल नंबर, वॉरंटी, खरेदीची तारीख. काम तेच राहिलं: तोच आयपी पत्ता, तेच सॉफ्टवेअर, तोच स्विच पोर्ट, तीच सेवा. दोन्ही एकाच नोंदीत असतील तर दोनच वाटा उरतात. जुनी नोंद खोडून नवी केली तर बिघाडांचा इतिहास जातो. जुन्याच नोंदीत सीरिअल नंबर बदलला तर जळालेला पीसी कागदावरून गायब होतो आणि वॉरंटीत देता येत नाही.

म्हणून भौतिक वस्तूंसाठी असं करा:

1. अ‍ॅसेट नोंद खोक्याची. ओळख अ‍ॅसेट टॅगची: एकदा चिकटवलेला, कधी न बदलणारा, नुसता क्रमांक. टॅगमध्ये विभाग किंवा माणसाचं नाव घालू नका, खोकी फिरतात.
2. सीआय नोंद भूमिकेची. नाव कामावरून: ‘काटा-१-पीसी’, ‘मुख्य-कोअर-स्विच’. यात सीरिअल नंबर लिहायचा नाही.
3. दोघांना जोडणारा एकच रकाना: ‘सध्या या भूमिकेत कोणता अ‍ॅसेट टॅग’. बदलला की जुना टॅग आणि तारीख इतिहासात राहील अशी सोय ठेवा.
4. स्थितीचे रकाने दोन. अ‍ॅसेटची स्थिती: मागवला, स्टोअरमध्ये, वापरात, दुरुस्तीला, निर्लेखित. सीआयची स्थिती: नियोजित, चालू, बंद, निवृत्त. एकाच रकान्यात दोन्ही कोंबले की ‘दुरुस्तीला’ म्हणजे सेवा बंद की फक्त खोकं बाहेर, ते कळत नाही.
5. कोणती माहिती कोणाच्या मालकीची ते ठरवा. किंमत, बिल, वॉरंटी, ताबेदार फक्त अ‍ॅसेट बाजूला लिहायचं. आयपी, आवृत्ती, नाती फक्त सीआय बाजूला. दुसऱ्या बाजूनं बघायचं, लिहायचं नाही.

> सावधान: एकच माहिती दोन ठिकाणी हातानं भरली जात असेल तर ती वेगळी होणारच. ‘नंतर जुळवू’ असं म्हणू नका.

> तपासणी: एक सुटा स्विच घेऊन कागदावर अदलाबदल करून पाहा. किती रकाने बदलावे लागले? अ‍ॅसेटच्या दोन स्थिती, सीआयचा एक टॅग, एक तारीख. याहून जास्त निघाले तर रचना चुकली आहे.

टप्पा ७: नाती मोजकी ठेवा

सॉफ्टवेअरमध्ये नात्यांचे पंचवीस प्रकार तयार मिळतात. तीन घ्या: ‘यावर चालतो’, ‘याला जोडलेला’, ‘यावर अवलंबून’. दिशाही ठरवून घ्या, नाहीतर एक जण सर्व्हरकडून डेटाबेसकडे बाण काढतो आणि दुसरा उलटा. प्रत्येक सीआयपासून वर चढत निदान एका सेवेपर्यंत पोचता आलं पाहिजे. न पोचणारे सीआय वेगळे काढा. त्यांतले बहुतेक टप्पा ३ च्या चाळणीतून चुकून आत आलेले असतात.

टप्पा ८: बाहेरून काय विचारलं जातं ते ताडून पाहा

नागरी सहकारी बँकांनी हा टप्पा वगळू नये. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये या बँकांसाठी दिलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत आयटी अ‍ॅसेट रजिस्टर मागितलं आहे, पण त्यातले रकाने बघा: घटकाचा तपशील, ग्राहकांचा डेटा कोणत्या प्रणालीत आहे, संबंधित व्यावसायिक अ‍ॅप्लिकेशन आणि महत्त्वाची पातळी. नाव अ‍ॅसेट रजिस्टर, मागणी निम्मी सीआयची. डेडस्टॉक छापून दिला तर यांतल्या तीन रकान्यांना उत्तर नसतं.

कंपन्यांनी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांशी यादी ताडावी. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि लॉग (प्रणालीतल्या घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत. लॉग कोणत्या सीआयचे आणि ते कुठे साठतात, हा रकाना त्या ६ तासांत शोधत बसायचा नाही.

टप्पा ९: आता टूल

स्निप-आयटी अ‍ॅसेटसाठी चांगलं, नात्यांसाठी नाही. आयटॉप मुळात सीएमडीबीचं. जीएलपीआयमध्ये दोन्ही जमतं. तिन्ही मुक्त स्रोत आहेत. पन्नास-साठ सीआय असलेल्या संस्थेनं पहिलं वर्ष दोन शीटच्या एक्सेलवर काढलं तरी काही बिघडत नाही; टॅगचा रकाना तेवढा पक्का हवा.

आयातीचा क्रम: आधी सेवा, मग सीआय, मग नाती, शेवटी अ‍ॅसेट आणि टॅगची जोडणी. उलट क्रमानं गेलात तर हजारभर अ‍ॅसेट चढवून सगळे दमतात आणि नाती कधीच भरली जात नाहीत. एका सेवेपासून सुरुवात करा. काटा पूर्ण झाल्याशिवाय पगाराला हात लावू नका.

ऑटोमॅटिक स्कॅनला जे सापडेल ते सगळं सीआय होऊ देऊ नका. पाहुण्यांचे मोबाइल, संचालकांच्या केबिनमधला स्मार्ट टीव्ही, सगळं येतं. स्कॅननं फक्त ठरलेल्या वर्गांतल्या नोंदींशी ताडून फरक दाखवावा.

टप्पा १०: पडताळणी दोन प्रकारची

अ‍ॅसेटची पडताळणी पायानं होते: वर्षातून एकदा टॅग स्कॅन करत खोल्या फिरायच्या, सापडलं-न सापडलं लिहायचं. सीआयची तशी होत नाही. तिथे नमुना घ्या. मागच्या महिन्यातले तीन बिघाड आणि तीन बदल निवडा आणि नोंदीवरून त्यांची साखळी वाचा. नोंदीत जे लिहिलंय तेच रॅकमध्ये दिसतं का? कारखान्यात ही फेरी बॉयलर पेटण्याच्या आधीच्या पंधरवड्यात ठेवा, कारण पावसाळ्यात केबल उंदरांनी कुरतडलेल्या असतात आणि कोणीतरी तात्पुरता म्हणून लावलेला स्विच तिथेच असतो.

बदलाची विनंती बंद करताना ‘सीआय नोंद सुधारली’ ही खूण सक्तीची करा. हा एक नियम वर्षातल्या मोठ्या मोहिमेपेक्षा जास्त काम करतो.

टप्पा ११: निवृत्ती आणि निर्लेखनाचा क्रम

इथे क्रम उलटला तर नुकसान होतं. भंगारवाला दारात उभा आहे म्हणून आधी निर्लेखन आणि मग आठवण, असं करू नका.

1. सीआयवर कोणतीही सेवा अवलंबून नाही हे नात्यांवरून पाहा आणि वापरणाऱ्या विभागाकडून लेखी घ्या.
2. बंद करा, पण जागेवरच राहू द्या. कारखान्यात एक पंधरवड्याची बिलं निघेपर्यंत, बँकेत महिनाअखेर जाईपर्यंत. विसरलेलं अवलंबन याच काळात बोंब मारतं.
3. सीआय ‘निवृत्त’ करा, टॅगची जोडणी सोडवा. नोंद खोडू नका.
4. डिस्क पुसा किंवा काढून नष्ट करा, आणि त्याचा दाखला अ‍ॅसेट नोंदीला जोडा. डिस्क सीआय नव्हती म्हणून ही पायरी कोणाच्याच यादीत नसते.
5. स्टोअरमध्ये परत घ्या, स्थिती बदला, निर्लेखनाचा प्रस्ताव समितीपुढे ठेवा.
6. मंजुरीनंतर माल नोंदणीकृत उत्पादक, रिसायकलर किंवा रिफर्बिशरलाच द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत, आर्थिक वर्षात कधीही यादीतली १००० किंवा जास्त उपकरणं वापरात असलेली संस्था बल्क कन्झ्युमर ठरते आणि तिच्यावर हे बंधन आहे. हजारात पीसी-प्रिंटरच मोजून थांबू नका. नियमांच्या यादीत एसी, फ्रीज, टीव्हीही येतात.
7. पोच आली की अ‍ॅसेट ‘निर्लेखित’ करा आणि त्याच दिवशी एएमसीच्या यादीतून टॅग काढा. नाहीतर भंगारात गेलेल्या सर्व्हरचं देखभालीचं बिल पुढच्या वर्षीही येतं आणि मंजूरही होतं.